चौकटीची उंची

आमच्या घरी नाटकाचं पोस्टर आलं की ते आधी मोजलं जाई आणि मग, वेळ उरलाच तर, वाचलं जाई. वडशाहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ गुंडाळी असायची, बाबा ती आमच्या मूल गावच्या स्टँडवरून घेऊन येत. आई हातातलं काम टाकून, हात धुऊन, पदराला पुसून ती खाटेवर पसरवी, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवी आणि बोटं आडवी लावून एकेकाचा फोटो खालून वर मोजत जाई. आधी नायकाचा, मग विनोदी नटाचा, शेवटी स्वतःचा. मोजताना तिचे ओठ हलत. मी आणि बाबा बाजूला गुपचूप उभे राहत असू, कारण पुढच्या दोन दिवसांचा स्वयंपाक त्या मोजणीवर अवलंबून असे. अर्धं बोट कमी भरलं तरी डाळ खारट. बाबा समजूत घालत, "छापखान्याची चूक असन वं." पोस्टरवरून नजर न काढता आई म्हणे, "चूक दरसाली माह्याच फोटूले काऊन होते?" 

ज्यांनी झाडीपट्टी पाहिलेली नाही त्यांना हे वेडेपणाचं वाटेल. आमच्या या धानाच्या मुलखात पीक कापून घरात आलं की नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत थांबत नाहीत. गावची मंडई म्हणजे जत्रा असो की बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, पाहुणे दिवसभर जेवतात आणि रात्रभर मंडपात बसून नाटक पाहतात. नाटकवाल्यांची ऑफिसं वडशाला, एकाला लागून एक. तिथे कंपनीला कंपनी म्हणत नाहीत, रंगभूमी म्हणतात. खेड्यापाड्यांतली मंडळी नाटक ठरवायला येतात ती भिंतीवरची पोस्टरं न्याहाळत येतात, आणि ज्याचा फोटो उंच तो मोठा नट, हा तिथला न लिहिलेला कायदा. नाव वर आलं की खाली गेलं यावर भांडता येतं, मध्येच कुणाच्या नावाआधी 'आणि' लावून त्याची समजूतही काढता येते. उंचीचं तसं नाही. माझी आई, मंदाबाई, शालिकभाऊंच्या रंगभूमीत माझ्या जन्माआधीपासून नायिका होती, आणि तिची उंची कुणी कमी करतंय का, याचा पहारा ती बारा महिने देत असे.

घर आमचं मुलात, राईस मिलच्या मागच्या बोळात. बाबा मिलवर मशीन चालवत. मिलचा धडधडाट सकाळी सुरू झाला की भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर बारीक हलू लागे, आणि संध्याकाळी तो थांबला की कानात पोकळी झाल्यासारखं वाटे. कोंड्याची धूळ कपड्यांवर, भांड्यांवर, आईच्या ट्रंकेतल्या जरीच्या साड्यांवरसुद्धा. जेवणात भात आणि लाखोळीची डाळ ठरलेली, सोबत सुक्या झिंग्यांची चटणी, आणि थंडीत वालाच्या शेंगांची पातळ भाजी. आई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडायची आणि पाखडता पाखडता संवाद म्हणायची. "पापी माणसा, या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू नकोस!" आणि तेवढ्यात दारात दूधवाला. नवीन दूधवाले टिकत नसत.

संशय हा आमच्या घरातला चौथा माणूस होता. शेजारच्या कुणी भाजीची वाटी आणून दिली तर आई हसून घ्यायची, तिची पाठ वळेपर्यंत दारात उभी राहायची आणि मग म्हणायची, "आजच काऊन आनली असन?" नाटकाच्या गाडीत पुढची जागा मिळाली तर मागे कोण बसलं आणि काय बोललं असेल, याचा घोर. मागची मिळाली तर पुढे कोण बसलं याचा. मी तेव्हा तिच्यावर चिडायचे. आता चाळिशी उलटल्यावर, नागपूरच्या ऑफिसात बसून, "ठीक आहे" एवढंच लिहिलेला निरोप मी तीन वेळा वाचते आणि पूर्णविराम का दिला असेल याचा विचार करते, तेव्हा मी कुणाची पोर आहे ते कळतं.

बारावीनंतर मी चंद्रपूरला मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा क्लास केला. वेबसाईटची पानं कशी बनवायची ते शिकले आणि मूलला परत येऊन बाजारातल्या नेट सेंटरवर कामाला लागले. पोरं परीक्षेचे निकाल बघायला येत, म्हातारे सातबाऱ्यासाठी येत, आणि मी मधल्या वेळात पानं बनवायचा सराव करत बसे. अशात एका दुपारी शालिकभाऊ आमच्या घरी आले. जाड काचेचा चष्मा, पांढरा शर्ट, बोलणं हळू. शेजारच्या एका रंगभूमीने म्हणे वेबसाईट काढली होती, नागपूर-पुण्याला नोकरीला गेलेली गावची पोरं ती बघतात आणि तिकडून फोन करतात. "आपलीबी पाह्यजे," भाऊ म्हणाले. "सुषमा आपल्याच घरची पोरगी हाय. बाहेरच्याले कायले द्याचं?"

मी हवेत. माझं पहिलं खरंखुरं काम! आईने चहा दिला, चिवडा दिला, हसून बोलली. भाऊंची जीप बोळातून बाहेर पडली आणि ती म्हणाली, "आपल्याच घरी काऊन आला असन थो?"

"माय, मले काम येते म्हनून आले."

"वडशात कोनाले येत नाई काय? पोरीले काम देल्लं म्हंजे मायचं तोंड बंद. पाह्यजो तू."

मी तोंड वाकडं केलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

भाऊंच्या मॅनेजरने फोटो पाठवले आणि प्रत्येकाच्या फोटोखाली घालायचा मजकूर पाठवला. फोटोंची मी फार काळजी घेतली. सगळे एकाच उंचीचे कापले, एका केसाचाही फरक नाही, कारण पोस्टरवरची युद्धं मी लहानपणापासून पाहिली होती. एका रांगेत तीन कलावंत: पहिले दिवाकरभाऊ, विनोदी नट, ज्यांच्या नुसत्या खोकण्यावर मंडप हसायचा. मधे रेश्मा, नागपूरची नवी मुलगी, जी यंदाच रंगभूमीत येणार होती. तिसरी आई. प्रत्येकाभोवती निळ्या रेघेची चौकट, वर फोटो, खाली मजकूर. मला ते पान इतकं देखणं वाटलं की घरी जाताना मी उगाच लांबच्या रस्त्याने गेले.

इथे वेबच्या पानाची एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पानावरच्या चौकटीला तुम्ही उंची सांगितली नाहीत, तर ती आपली उंची आपण ठरवते. आत जेवढा मजकूर, तेवढी ती लांब. मजकूर वाढला की खाली वाढते, कमी असला की आखडते. मी फोटोंना उंची सांगितली होती. चौकटींना सांगायचं मला सुचलंच नव्हतं, आणि सुचलं असतं तरी त्यात काही बिघडेल असं मला वाटलं नसतं.

पहिले आले दिवाकरभाऊ. मुलात कुणाच्या तेरवीला आले होते, ते तसेच नेट सेंटरमध्ये शिरले, आणि खिशातून शाळेतल्या पोरांची असते तशी प्लास्टिकची फुटपट्टी काढली. "जय भीम, पोरी. पाह्यू दे माहा फोटू." मी पान उघडलं. त्यांनी फुटपट्टी सरळ मॉनिटरच्या काचेला लावली, एक डोळा मिटला आणि निळी रेघ वरून खालपर्यंत मोजली. मग मान हलवली.

"वडशाच्या ऑफिसात मी परवा मोजला. थिथं याच्याहून मोठा व्हता. मुलात लहान कसा झाला?"

"भाऊ, थिथला मॉनिटर मोठा आहे. हा लहान आहे. सगळंच लहान दिसते."

"पोस्टर वडशात येगळं अन् मुलात येगळं दिसते काय?"

"हे पोस्टर नाई ना भाऊ."

"थेच तं म्हन्तो मी," ते फुटपट्टी खिशात घालत म्हणाले. "मुलात मंदाबाई राह्यते. वडशात नाई राह्यत." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कान गरम झाले. मी आईसाठी त्यांना फक्त मुलातल्या पडद्यावर बुटकं केलं, असा त्यांचा हिशेब होता. मी शपथ घेतली, आईचीच चौकट दाखवली. त्यांनी ती पाहिली, आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला. "अरे! हे तं सगळ्यात बुटकी हाय," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बाहेर पडले. ते कुठे गेले असतील हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. आमचा बोळ तिथून पाच मिनिटांवर.

दुसऱ्या दिवशी आई नेट सेंटरवर आली. इस्त्रीची साडी, पावडर, हातात पर्स, जशी ती नाटकाला निघायची तशी. आधी कधी ती तिथे आली नव्हती. गिऱ्हाईकांनी ओळखलं, दोघं उठून उभे राहिले. ती माझ्या खुर्चीत बसली, पडद्यावरच्या स्वतःच्या फोटोकडे बघितलं, आणि बोटं आडवी लावून खालून वर मोजायला लागली. फोटो सारखे होते. पण ती फोटो मोजत नव्हती, चौकट मोजत होती. रेश्माची चौकट मधे ताडमाड. दिवाकरभाऊंची तिच्याहून थोडी कमी. आईची रेघ अर्ध्या वाटेवरच संपून वळलेली. काचेवर तिच्या बोटांचे ठसे उमटत गेले. मोजून झाल्यावर तिने पर्स उचलली, सगळ्यांना नमस्कार केला, हसली, आणि गेली.

घरी आले तेव्हा ताट वाढलेलं होतं. भात, डाळ, चटणी, सगळं नीट. डाळ खारट नव्हती, आणि त्यानेच मला भीती वाटली. बाबा मिलवरून आलेले, खाली मान घालून जेवत होते. आई माझ्यासमोर बसली.

"शालिकभाऊनं सांगतलं काय तुले?"

"काय?"

"माही उंची कमी कर म्हनून."

"कोनी नाई सांगतलं माय. मशीनच तसं करते. ज्याचा मजकूर कमी, त्याची चौकट लहान."

"मशीनले काय मालूम मी कोन हाय थे? मशीन आपल्या मनानं मंदाबाईले कमी करते अन् कालच्या पोट्टीले वाढवते?" तिचा आवाज चढला नाही. मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेणारी बाई घरात कुजबुजत होती. "बाहेरचे करतीन, थे मी जिंदगीभर पाह्यलं. पन कुंपनच शेत खाते, हे नव्हतं पाह्यलं."

मी ताट सरकवून उठले. बाबा म्हणाले, "मंदा, पोरगी हाय थे आपली." आई म्हणाली, "म्हनूनच इचारून राह्यली." मी अंगणात जाऊन रडले. राग आईचा होता, पण त्याहून मोठा राग असा की ज्या गोष्टीवर तिचा अख्खा हंगाम, तिचं वय, तिची झोप लटकली होती, ती माझ्या कामात एका साध्या गोष्टीने घडली होती, आणि ती साधी गोष्ट मी तिला पटवू शकत नव्हते. आई काही वाईट नव्हती. यंदा नागपूरहून मुलगी येतेय, आणि जुन्या नायिकेचं काय होतं हे तिने इतरांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. तिला फक्त खूण हवी होती, आणि ती तिला माझ्या पानावर मिळाली.

सकाळी सेंटरवर जाऊन मी सगळ्या चौकटींना एकच उंची ठोकून दिली. घ्या, सारख्या! दुपारपर्यंत वडशाहून फोन. दिवाकरभाऊ. "माह्या खालच्या दोन ओळी कोनं खाल्ल्या?" चौकटीला मोजून उंची दिली आणि आतला मजकूर जास्त असला तर तो बाहेर सांडतो. तो सांडलेला घाणेरडा दिसू नये म्हणून मी बाहेरचं झाका असं सांगून ठेवलं होतं. म्हणजे झाकला गेलेला भाग होता, पण दिसत नव्हता. हे त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "हाय अन् दिसत नाई. पोरी, आमच्यात याले नटाले मारनं म्हन्तात." मी उंची वाढवली तर दिवाकरभाऊंच्या खाली मोकळं, कमी केली तर ते आणि रेश्मा दोघं कापले जात. कुणाच्याही मॉनिटरवर कुणाची तरी ओळ जायचीच, आणि ज्याची जायची त्याचा मला फोन यायचा. दोन दिवसांत मला अर्ध्या रंगभूमीने शत्रू ठरवलं, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाने वेगवेगळ्या बाजूची.

शेवटी मी ती गोष्ट केली जी करू नका असं क्लासमधल्या सरांनी बजावून सांगितलं होतं. जुन्या पद्धतीने टेबल घातलं, म्हणजे रांगा आणि रकाने. ती पद्धत मागासलेली, शिकलेली माणसं तसं करत नाहीत, असं सर म्हणत. पण टेबलाची एक सवय फार चांगली आहे: एका रांगेतले सगळे रकाने सगळ्यात लांब असेल त्याच्याएवढे होतात. कुणी कापलं जात नाही आणि कुणी बुटकं राहत नाही. आज माझ्या ऑफिसातली पोरं हेच एका ओळीत करतात आणि त्यांना कळतही नाही की यावरून कधी घरात अन्न गोड लागेनासं झालं होतं. मी पान उघडलं आणि डोळे भरून पाहिलं. तीन चौकटी, तिन्हींच्या खालच्या रेघा एका सुतात.

आईला हाताला धरून घेऊन आले. "मोज," म्हटलं. तिने मोजलं. रेश्मा, दिवाकरभाऊ, स्वतः. पुन्हा मोजलं. "बरोबर हाय," ती म्हणाली. मला वाटलं सुटले. मग तिचं बोट काचेवर खाली खाली आलं आणि तिच्या चौकटीच्या खालच्या अर्ध्या भागात थांबलं.

"हे पांढरं काय हाय?"

"काही नाई. रिकामी जागा आहे."

"त्यायच्यात काऊन नाई?"

"त्यांचा मजकूर जास्त आहे. तुझा..." आणि मी थांबले. मग आम्ही दोघींनी एकदमच तो मजकूर वाचला. रेश्माच्या फोटोखाली तिचं शिक्षण, तिचं नृत्य, तिचा गळा, नागपूरच्या कुठल्या स्पर्धेतलं बक्षीस, यंदाचं आकर्षण. आईच्या फोटोखाली: मंदाबाई, गेली अनेक वर्षे रंगभूमीच्या सेवेत. बस. मी स्वतःच्या हाताने टाईप केलं होतं, पण टाईप करताना अक्षरं दिसतात, वाक्य दिसत नाही. आई माझ्याकडे वळली. त्या नजरेत माझ्यावरचा संशय नव्हता, तो गेला होता, आणि तो गेल्याचं मला जराही बरं वाटलं नाही. मशीनने तिला कमी केलं नव्हतं. मशीनला जेवढं सांगितलं तेवढंच त्याने दाखवलं होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी शालिकभाऊ आले. हंगामाआधी मालक घरी येतो, नारळ देतो आणि नक्कल देतो. नक्कल म्हणजे आपल्या भूमिकेपुरते उतरवलेले संवाद. नारळ हातात घेतला म्हणजे कलावंत बांधला गेला, अशी रीत. आईने त्यांना खाटेवर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. बाबा मुद्दाम घरी थांबले होते. भाऊंनी नारळ काढला, आईने हात पुढे केला नाही.

"भाऊ, एक इचारू काय?"

"इचारा ना बाई."

"माह्याबद्दल एकच ओळ काऊन लिवली?"

भाऊंनी चष्मा काढून पुसला. मी दारात उभी होते, मला त्यांचे डोळे पहिल्यांदाच काचेशिवाय दिसले आणि ते थकलेले दिसले. "मॅनेजरनं लिवलं जी थे," ते म्हणाले. मग चष्मा परत लावत, "अन् तुमच्याबद्दल काय लिवाचं? मंदाबाईले कोन नाई ओळखत? सगळ्यायले मालूमच हाय."

आज इतकी वर्षं झाली, मला अजून ठरवता आलेलं नाही की तो माणूस तेव्हा मनापासून बोलला की वेळ मारून नेत होता. मॅनेजर पुढे एकदा मला भेटला तर म्हणाला, भाऊंनीच थोडक्यात लिही म्हणून सांगितलं होतं. पण त्या मॅनेजरचं आणि भाऊंचं तोवर बिनसलं होतं, तेव्हा त्याचं तरी किती खरं धरावं?

आई म्हणाली, "ज्यायले मालूम हाय थे नेटवर पाहाले येतीन काऊन?"

बाबांनी उगाच पाण्याचा माठ झाकला. मग भाऊंनी नक्कल काढून नारळाशेजारी ठेवली आणि बोलायचं ते बोलून टाकलं. यंदा नायिका रेश्मा. मंदाबाईंनी तिची आई करायची. भूमिका दमदार आहे, दुसऱ्या अंकाचा शेवट तिच्यावरच आहे, तुमच्याशिवाय ती कुणाला झेपणार नाही. ते बोलत होते आणि आईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, कारण हे सगळं तिने नेट सेंटरच्या काचेवर बोटं ठेवून आधीच वाचलेलं होतं.

"नाई म्हटलं तं?" बाबांनी विचारलं. त्यांनी मालकाला कधी प्रश्न विचारला नव्हता.

"तं मी जबरदस्ती करू शकत नाई," भाऊ म्हणाले. "पन बाई, इचार करा. घरी बसून मानूस इसरून जाते."

"मजकूर मी सांगीन," आई म्हणाली. "माह्यावाला. माही पोरगी लिवन."

"सांगा ना जी. कोन नाई म्हन्ते?" भाऊ उठले. नारळ आणि नक्कल खाटेवर तशीच राहिली. आईने ती उचललीही नाही आणि परतही केली नाही. नारळाला हात न लावता तिने खाटेची चादर नीट केली, चहाची बशी उचलली आणि चुलीकडे गेली. त्या रात्री बाबांनी आणि मी ती खाट वापरली नाही. ती नाटक सोडणार, असं मला वाटलं. बाबांनाही वाटलं, कारण सकाळी मिलला जाताना ते दारात थांबले आणि म्हणाले, "सोडलं तं सोडलं. भात तं हायच घरी." 

दुपारी सेंटरवर गर्दी ओसरल्यावर ती आली. आज साधी सुती साडी, पर्स नाही. शेजारची खुर्ची ओढून बसली. "लिव," म्हणाली.

मला वाटलं ती नाटकांची नावं सांगेल, बक्षिसं सांगेल. तिने गावं सांगितली. धानोऱ्याला भर नाटकात पाऊस आला, माणसं पोती डोक्यावर घेऊन बसली पण उठली नाहीत, ते लिव. मोहर्लीकडच्या एका गावात नाटक लवकर आटोपलं आणि बाहेर वाघाचा आवाज आला, मग गाव उजेडेपर्यंत मंडपातच बसून राहिलं आणि मी गाणी म्हटली, आधी नाटकातली, ती संपल्यावर जात्यावरची, ते लिव. पोटात तू असताना सातव्या महिन्यापर्यंत नायिका केली, ते लिव. "लिव की मले पडद्यामागून संवाद सांगाले कोनी लागलं नाई कधी." मी टाईप करत होते. जे बोलत होती त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. पडद्यावर तिची चौकट खाली खाली चालली होती, पांढरी जागा भरली, मग रेघ आणखी खाली ढकलली गेली. तिने ते बघितलं.

"किती लिवता येते? बंद होते काय कुठी?"

"नाई. जेवढं लिवशीन तेवढी वाढते."

"बरं." तिने थोडं थांबून आणखी दोन गावं सांगितली. मग ती दाराकडे बघत राहिली. बाहेर बाजारात कुणी मिरच्यांची पोती उतरवत होतं, त्याचा ठसका आत येत होता, आणि मला वाटलं त्यानेच तिचे डोळे भरले असतील.

"झालं काय माय?"

"नाई. शेवटी लिव." तिने पदर नीट केला, मंडपात प्रवेश करायच्या आधी करायची तसा. "यंदा, आईच्या भूमिकेत."

माझा हात थांबला. "हे नको लिवू ना माय. असंच राहू दे."

"लिव. त्यायनं लिवाच्या आंधी आपन लिवाचं."

मी लिहिलं. ओळ उमटली, खालची रेघ तेवढी खाली सरकली, आणि तिच्याबरोबर दिवाकरभाऊंची आणि रेश्माचीही.